दहा लाख कुलपे आणि एक फोन

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत एका माणसाला पाचशेच्या नोटा मोजायला बसवा. सेकंदाला एक नोट. झोप नाही, जेवण नाही, सणवार नाही. 2024 या एका वर्षात सायबर भामट्यांनी देशभरातून जेवढा पैसा लाटला, तेवढा मोजून उठायला त्याला साडेचौदा वर्षे लागतील. आज पाळण्यात असलेले पोर तोवर नववीत गेलेले असेल.

संसदेत सांगितलेला आकडा आहे 22,845 कोटी रुपये. आदल्या वर्षी तो 7,465 कोटी होता. वर्षभरात तिप्पट झाला. दिवसाला 62 कोटी, सेकंदाला सात हजारांवर. हिंगोली जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 11 लाख 77 हजार. ही रक्कम जिल्ह्यात वाटली, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला 1 लाख 94 हजार येतील.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. त्यासाठी चोरांना बँकेच्या यंत्रणेत शिरावे लागले, बनावट कार्डे तयार करावी लागली, 28 देशांतल्या एटीएमसमोर माणसे उभी करावी लागली. एवढ्या खटाटोपाची कमाई 94 कोटी. 2024 च्या हिशेबात ती जेमतेम दीड दिवसाची.

मग आताचे चोर एवढी कुलपे फोडतात तरी कशी? फोडतच नाहीत.

का, ते भूकंपाच्या मापावरून समजेल. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्हा 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. भूकंप मोजताना एक अंक वाढला, की थरथर दहापट होते. पिनचेही तसेच आहे, एक अंक वाढला की जुळण्या दहापट. चार अंकांच्या दहा हजार जुळण्या होतात, सहा अंकी ओटीपीच्या दहा लाख. सेकंदाला एक याप्रमाणे सगळ्या घालून पाहायच्या म्हटल्या, तर साडेअकरा दिवस जातात, आणि ओटीपी जगतो काही मिनिटे. तीन प्रयत्न दिले, तरी दहा लाखांत तीनच संधी. या भिंतीवर चढण्यापेक्षा फोन लावणे स्वस्त. “काका, बँकेतून बोलतोय. केवायसी संपलंय, आलेला नंबर सांगा बरं.” दहा लाख कुलपांची किल्ली मालकच दहा सेकंदांत वाचून दाखवतो.

आधारचा हिशेब मात्र उलटा आहे. पहिला आधार क्रमांक 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिला गेला. आता ते 140 कोटींच्या घरात आहेत. बारा अंकांपैकी पहिला अंक शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा आधीच्या अकरांवरून ठरतो, म्हणून क्रमांक होऊ शकतात 8,000 कोटी. नियमात बसणारा क्रमांक डोळे मिटून लिहिला, तरी साधारण दर 57 वा कुणाचा ना कुणाचा निघेल. म्हणजे क्रमांक हे कुलूप नव्हेच. कुलूप आहे अंगठा आणि ओटीपी. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येते, तेवढे करून ठेवावे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’च्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नये, ती फोनमधले ओटीपी परस्पर वाचू शकते.

पोलिस असल्याचे भासवून माणसाला व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवायचे, या ‘डिजिटल अटके’च्या 2024 मध्ये 1,23,672 तक्रारी झाल्या आणि 1,935 कोटी गेले. कायद्यात अशी अटकच नाही. व्हिडिओ कॉलवरचा ‘साहेब’ कितीही खेकसला, तरी फोन ठेवून द्यावा.

आणि तरीही फसलोच तर? पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या भाड्याच्या खात्यात पळत असतो. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच सांगितले, तर वाटेतच गोठवता येतो. 2021 पासून 2025 च्या मध्यापर्यंत असे 5,489 कोटी वाचले. बाजारातल्या आपल्या माणसाची ती साडेतीन वर्षांची मोजणी आहे. त्यातली बरीचशी रक्कम वाचली, कारण कुणीतरी ‘लोक काय म्हणतील’ हे मनात न आणता आधी फोन केला.