जादूचा चष्मा आणि पोटातले जंत

जंत हा शब्द सभेत उच्चारला की लोक गालांत हसतात. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची हयात कामगार संघटनेत गेली, शिक्षण झाले ते वाचून-विचारून. पण नुसता फलक लावून माणूस सुधारत नाही, हे आम्हांला कारखान्यातच कळले. यंत्राशेजारी 'सावधान'ची पाटी असे, आणि तिच्याच खिळ्याला आम्ही डब्याची पिशवी अडकवीत असू.

म्हणून चीनच्या हुनान प्रांतातील लिनशियांग भागात झालेला एक प्रयोग आम्हांला मोलाचा वाटतो. २०१०-११ च्या शालेय वर्षात तेथील ३८ शाळांतली नऊ-दहा वर्षांची १,७१८ मुले त्यात होती. प्रथम सर्वांना जंतांचे औषध दिले. मग निम्म्या शाळांत नेहमीसारखा आरोग्याचा फलक लावला. उरलेल्या शाळांत फलकाच्या जोडीला बारा मिनिटांचा व्यंगचित्रपट दाखविला, त्यावर वर्गात चर्चा केली, चित्रांच्या नि निबंधांच्या स्पर्धा घेतल्या. चित्रपटाचे नाव 'जादूचा चष्मा'. तो डोळ्यांवर चढविला की एरवी न दिसणारी जंतांची अंडी दिसू लागतात.

खरी मेख येथेच आहे. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत पडतात, काही आठवडे तेथे पिकतात आणि मळक्या बोटांवरून, न धुतलेल्या भाजीवरून पुन्हा पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाची कातडी भेदून आत शिरते. यांतले डोळ्यांना काहीच दिसत नाही. न दिसणाऱ्या शत्रूशी मुलाने लढावे कसे? मोठी माणसे तरी कोठे लढतात!

वर्षाअखेर तपासणी झाली. नुसत्या फलकाच्या शाळांत शेकडा ८.४ मुलांना जंत आढळले, चित्रपटाच्या शाळांत शेकडा ४.१. शौचाहून आल्यावर हात धुणारी मुले एकीकडे शेकडा ५४.२, तर दुसरीकडे ९८.९. ही नोंद प्रत्यक्ष पाहून केलेली आहे, 'हात धुतोस का?' असे विचारून नव्हे. विचारल्यावर काय, आम्हीही 'हो'च म्हणू.

आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी देतात. गोळी हवीच. पण ती पोटातले जंत मारते. अंगणातली अंडी जागच्या जागी राहतात, आणि मूल दुसऱ्या दिवशी तेथेच खेळते. गोळीच्या दिवशी बारा मिनिटे अशा चित्रपटाला नि तासभर चर्चेला देणे कोणत्या शाळेला जड आहे?

एक तक्रार मात्र मांडतोच. धडा शिकलेले मूल नळाशी जाते, तेव्हा नळाला पाणी लागते. एका शाळेत हात धुण्याच्या सुबक चित्राखाली कोरडी टाकी आम्ही पाहिली आहे. तेथील मुलांना हात केव्हा धुवावेत हे तोंडपाठ होते. ती टाकी भरून घ्यायला पालकांना बरोबर घेऊन आम्हांला चार खेपा घालाव्या लागल्या. साबण अजून पालकच वर्गणी काढून आणतात.