नऊ मिनिटांत निम्मं ओसरणारं औषध
डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली थायरॉइड सुजलेल्या काही स्त्रियांविषयी लिहून ठेवलंय. त्यातल्या एकीच्या हृदयाचे ठोके त्यांना चार फुटांवरून, नुसत्या कानांनी ऐकू येत होते!

पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या या आजारात थायरॉइड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त हार्मोन बनवते. कधी ते रोखणाऱ्या गोळ्या मध्येच बंद होतात, कधी जंतुसंसर्ग होतो आणि थायरॉइड स्टॉर्म, म्हणजे हार्मोनचं वादळ उठतं. कडक ताप, बरळणं, नाडी १४० च्या पुढे. थायरॉइडचं टी-थ्री हे हार्मोन हृदयाच्या पेशीकेंद्रात शिरून जनुकांचं काम बदलतं, हे मला विलक्षण वाटतं. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू सैल पडायचा, तर पेशीतलं कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावं लागतं. ते ओढणारे प्रथिनांचे पंपच पेशी जास्त बनवू लागते. हृदय झपाट्याने आवळतं, झपाट्याने सैल होतं आणि अखेर थकतं. ठोक्यांची लय बिघडते, फुप्फुसांत पाणी भरतं.

हार्मोन बनणं थांबवलं तरी भागत नाही, कारण ग्रंथीत काही आठवड्यांचा साठा असतो. तो बाहेर पडू नये म्हणून आयोडीन देतात; पण हार्मोनची निर्मिती रोखणाऱ्या औषधानंतर निदान तासाभराने. आधी दिलं, तर तेच नव्या हार्मोनचा कच्चा माल ठरायचं.

तोवर हृदयाला सांभाळतं प्रोप्रॅनोलॉल हे औषध. ते ठोके आवरतं, शिवाय मोठ्या मात्रेत टी-फोर या थायरॉइडच्याच दुसऱ्या हार्मोनचं टी-थ्री होणंही कमी करतं. मात्र खरी कसोटी इथेच आहे. हृदय आधीच दुबळं झालं असेल, तर रक्तदाब ठोक्यांच्या वेगावरच टिकून असतो. वेग आवरला की रक्तदाब कोसळतो, हृदय बंदही पडू शकतं. म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून हृदयाची ताकद पाहतात. शंका असेल आणि तरीही ठोके आवरणं भाग असेल, तेव्हा अतिदक्षता विभागात एस्मोलॉल या तशाच औषधाची ड्रिप अगदी कमी मात्रेवर लावतात. रक्तातल्या तांबड्या पेशींतली एन्झाइमं एस्मोलॉल इतक्या वेगाने तोडतात की नऊएक मिनिटांत रक्तातलं निम्मं संपतं. दाब घसरू लागला, की ड्रिप बंद करायची.

वादळातून वाचलेल्या अनेकांचं फुगलेलं, दमलेलं हृदय हार्मोन ताळ्यावर आल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा जोमाने आकुंचन पावू लागतं. इकोवर ते दिसतंही.