ओमर शरीफ : विहिरीवरचा उंटस्वार

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (1962) पाहिलेला माणूस एक दृश्य सहसा विसरत नाही. वाळवंटातली विहीर, दूर मृगजळात थरथरणारा काळा ठिपका आणि हळूहळू त्यातून आकाराला येणारा उंटस्वार. तो ओमर शरीफ. या भूमिकेने त्याला ऑस्करचे नामांकन मिळवून दिले, हॉलिवूडची दारे उघडली. आणि घर सुटले.

1932 साली अलेक्झांड्रियात एका ख्रिस्ती कुटुंबात तो जन्मला. नाव मिशेल शलहूब. कैरो विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञान शिकून तो वडिलांच्या लाकडाच्या व्यापारात गेला. 1954 मध्ये यूसुफ शाहीन यांच्या चित्रपटात फातेन हमामासमोर त्याला नायक म्हणून उभे केले. ती इजिप्तची लाडकी तारका, हा अगदी नवखा. त्याने इस्लाम स्वीकारला आणि 1955 मध्ये दोघांचा निकाह झाला. मुलगा तारेक, 'डॉक्टर झिवॅगो'मध्ये (1965) लहानपणीचा झिवॅगो दिसतो तो हाच.

नासर यांच्या राजवटीत देशाबाहेर जायला परवाना लागे. परदेशातले काम आणि हे निर्बंध यांच्या कात्रीत तो युरोपातच राहिला. 1967 च्या युद्धानंतर 'फनी गर्ल'मध्ये ज्यू अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसंडचा नायक झाला, तेव्हा इजिप्तची वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. 1974 मध्ये तलाक झाला. त्याने पुन्हा लग्न केले नाही.

पुढची अनेक वर्षे पॅरिसच्या हॉटेलांत गेली. ब्रिजमध्ये तो जागतिक दर्जाचा खेळाडू होता, त्यावर वर्तमानपत्रात सदरही चालवी. जुगाराचे मात्र कौतुक करण्याजोगे काही नाही. कर्ज फेडण्यासाठी सुमार चित्रपट केले, हे तो स्वतःच कबूल करी.

आम्हाला विचाराल तर त्याचे सर्वांत सुंदर काम म्हातारपणचे आहे. 2003 च्या 'मस्यू इब्राहिम'मध्ये तो पॅरिसच्या गल्लीतला मुसलमान दुकानदार आहे. एका एकाकी ज्यू पोराला तो माया लावतो आणि शेवटी दत्तक घेतो. फ्रान्सचा सेझार पुरस्कार त्याला याच भूमिकेसाठी मिळाला.

अखेरच्या दिवसांत स्मृतिभ्रंशाने त्याला गाठले. तोवर तो कैरोला परतला होता. जानेवारी 2015 मध्ये फातेनचा इंतकाल झाला. त्याच वर्षी 10 जुलैला, रमजानमधल्या शुक्रवारी, कैरोतच ओमरही गेला.