बी.ई. नंतर एम.बी.ए.: पण कशासाठी?

थर्ड इयर संपत आलं की कट्ट्यावर, घरी, लग्नकार्यात एकच प्रश्न: "पुढे काय?" "एम.बी.ए." म्हटलं की समोरचा खूश! पण मित्रांनो, हे खरंच उत्तर आहे, की प्रश्न टाळायची युक्ती?

आधी थोडी माहिती. आयआयएमची कॅट परीक्षा वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटी होते. इंग्रजी, डेटा-लॉजिक आणि गणित, प्रत्येकी ४० मिनिटं. फायनल इयरला असतानाही देता येते. महाराष्ट्राची सीईटी वेगळी. मुंबईच्या जमनालाल बजाजला तीही चालते. गणित आपल्याला येतं, पण ते सगळ्याच इंजिनिअर्सना येतं! उलट काही आयआयएम इंजिनिअर नसलेल्यांना जादा गुण देतात.

आता हिशोब. खर्च म्हणजे फक्त फी नाही. दोन वर्षांचा बुडालेला पगारही त्यात धरा, आणि कर्ज काढलं तर व्याजसुद्धा. कोअर ब्रँचमध्येच राहायचं असेल तर तेवढ्याच वेळात गेट देऊन एम.टेक. होतं. शिवाय वर्गात "कामगारांना कसं सांभाळाल?" यावर चर्चा होते, तेव्हा शॉपफ्लोअरवर दोन वर्षं काढलेल्याकडे बोलायला काहीतरी असतं. आपल्याकडे फक्त सबमिशनचे अनुभव!

म्हणून एक सोपी टेस्ट. "एम.बी.ए.", "पॅकेज" आणि "मॅनेजर" हे तीन शब्द न वापरता, आपल्याला रोज काय काम करायला आवडेल ते कागदावर लिहा. लिहिता आलं तर फॉर्म जरूर भरा. कागद कोराच राहिला, तर आधी नोकरी करा. कॅट पुढच्या वर्षीही आहेच!