एकट्यात ऐकलेला बेस

1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथं लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासमोरची अडचण अगदी व्यवहारातली होती. नाचगाण्याच्या बँडमधल्या बेसवाल्याला माणसाहून उंच डबल बेस गाडीत कसाबसा कोंबून न्यावा लागे, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गदारोळात तो धड ऐकूही येत नसे. फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. रेडिओदुरुस्ती हा त्याचा मूळ धंदा. त्यामुळे त्याने वाद्याचा विचार दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने केला. तारेची लांबी 34 इंच, सूर अचूक लागावा म्हणून मानेवर पडदे, आणि ती मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली. मान बिघडली तर ती सोडवून दुसरी बसवायची. कुठल्याही वादकाच्या हातात कुठलाही नग द्यावा आणि काम चालावं, ही त्यामागची कल्पना. आज याच वाद्याचे जुने नग तिजोरीत ठेवावेत अशा किमतीला विकले जातात. 1965 च्या जानेवारीत फेंडरने आपली कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरला सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, तिथून मागचा काळ संग्राहकांच्या लेखी पवित्र ठरला. जे जुने घेऊ शकत नाहीत ते नवे घेतात: एक प्रिसिजन झाला की फेंडरचाच जॅझ बेस हवा, मग पाच तारांचा, मग बिनपडद्यांचा, मग आखूड मानेचा. स्टीली डॅनच्या वॉल्टर बेकरने 1990 च्या दशकात या ओढीला रोगाचं नाव देऊन टाकलं, आणि 2021 मध्ये यान-पीटर हर्ब्स्ट व योनास मेंझे या अभ्यासकांनी ‘गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’ या नावाने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

या ओढीला हावरेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. माझ्या मते कारण बेसच्या आवाजातच आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. इतका खालचा स्वर छोट्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो आणि स्वर ऐकल्याचं समाधान मानतो. पूर्ण बँड वाजत असताना हे उपस्वरही उघडे राहत नाहीत. खाली बास ड्रम बसलेला, मध्ये गिटार, कीबोर्ड आणि गाणाऱ्याचा गळा. लाकूड, पिकअप, पूल यांनी आवाजात आणलेल्या बारीक छटा या गर्दीत झाकल्या जातात. ठळकपणे पोचतं ते एवढंच, की स्वर नेमका कधी सुरू झाला, किती टिकला आणि कुठे तोडला. या तिन्ही गोष्टी वादकाच्या बोटांत असतात. उलट, नवा बेस आपण दुकानात किंवा घरी, एकट्याने, चांगल्या अ‍ॅम्पवर ऐकतो. तिथे त्या छटा लख्ख कळतात, दोन वाद्यांत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो, आणि तो खोटा नसतोच. म्हणजे विकत घेण्याचा निर्णय नेमका अशा स्थितीत होतो, ज्या स्थितीत बेस सहसा वाजवलाच जात नाही. घरी आणल्यावर, बँडमध्ये वाजवल्यावर तो फरक विरतो आणि दुसऱ्या वाद्याकडे लक्ष जातं. मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी दाखवून दिलं आहे की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं या मेंदूतल्या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. बेसच्या बाबतीत या दोहोंमधलं अंतर वाद्याच्या स्वभावानेच रुंदावतं.

पुरावा हवा तर डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओकडे पाहावं. 1960 च्या दशकात तिथून निघालेल्या असंख्य गाण्यांत बेस वाजवला जेम्स जेमर्सनने, आणि त्यातली बहुतेक कामं 1962 च्या एकाच प्रिसिजनवर झाली. तारा ला बेला कंपनीच्या, जाड आणि सपाट गुंडाळणीच्या. तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. तारा मानेवरच्या फळीपासून इतक्या उंच असत की दुसऱ्या कुणाला ते वाद्य दाबणं जड जाई. पुलावरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, त्यामुळे स्वर चटकन विझे. उजव्या हाताचं बहुतेक काम एकट्या तर्जनीचं. आजच्या दुकानदाराच्या नजरेने पाहिलं तर हा बेस तातडीने दुरुस्तीला टाकण्याजोगा होता. तरी मार्विन गेच्या 1971 च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधला बेस ऐका: स्वर मागे रेंगाळतात, मध्येच उडी मारतात, गाण्याच्या शब्दांना अडवत नाहीत आणि मोकळी जागा वायाही घालवत नाहीत. यातलं काहीही वाद्य बदलून मिळालं नसतं. 1983 मध्ये जेमर्सनच्या मृत्यूच्या काही दिवस आधी तो बेस चोरीला गेला. तेव्हापासून 1962 च्या घडणीचे बेस शोधणाऱ्यांची संख्या वाढत गेली आहे.

जेमर्सनला अपवाद म्हणता येईल, पण असे अपवाद फार आहेत. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गमध्ये साधारण 30 पौंडांना व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर घेतला. फेंडर परवडत नव्हता, आणि डावखुऱ्याने उलटा धरला तरी तो बेढब दिसत नव्हता. आवाजाची पारख करून निवडलेलं वाद्य ते नव्हे; तरी बीटल्सची पुढची वर्षं प्रामुख्याने तो हॉफ्नर, 1963 चा त्याचा जोडीदार आणि 1965 नंतरचा रिकनबॅकर यांवरच निघाली. जॅको पास्टोरियसने 1962 च्या जॅझ बेसचे पडदे उपटून काढले, खाचा लाकडाच्या लुकणाने भरल्या आणि फळीवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा लेप दिला. त्याला हवा असलेला गाता आवाज कुठल्याच दुकानात मिळत नव्हता, म्हणून हातातल्या वाद्यावरच त्याने करवत-कानस चालवली. आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंत राहुलदेव बर्मनसाठी टोनी वाझ यांनी बेस वाजवला. त्या गाण्यांतली बेसची चाल रसिक गुणगुणतात, वाद्य कुठल्या कंपनीचं होतं याची चौकशी कुणी करत नाही.

यावर हिंदुस्थानी संगीताची जाण असलेला वाचक विचारेल, की मग तबलजी चार-पाच तबले का बाळगतो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच बेसचा वेगळेपणा दिसतो. तबला ठरावीक पट्टीच्या आसपासच नीट लागतो. काळी एकचा तबला पांढरी पाचच्या गायिकेला चालत नाही. तिथे दुसरं वाद्य ही गरज आहे. बेसवर बाराही स्वर एकाच मानेवर मांडलेले असतात, गाणं कुठल्याही पट्टीत असो. खऱ्या गरजा मोजक्याच. मींड आणि गळ्यासारखा ओघ हवा असेल तर बिनपडद्यांचा बेस लागतो. 31 हर्ट्झच्या आसपासचा खालचा ‘बी’ वारंवार हवा असेल तर पाच तारांचा. बाकीचे बरेचसे फरक तारा बदलून मिळतात, किंवा बोटं पुलाकडून मानेकडे सरकवून. पुलाजवळ छेडलं की उपस्वर वाढून आवाज करकरीत होतो, मानेजवळ छेडलं की गोल. स्टुडिओत रोज वेगळ्या निर्मात्याकडे वाजवणाऱ्याला दोन-तीन वाद्यं लागतात, हे मी बिनतक्रार मान्य करतो. दहाव्याचं समर्थन त्यातून होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संग्राहक नसते तर ही वाद्यं टिकली असती का? जॅकोचा तो बेस 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला आणि त्याच्या मृत्यूनंतर दोनेक दशकांनी पुन्हा उजेडात आला. तो वादातून सोडवायला मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पदरचे पैसे घातले. रश बँडच्या गेडी लीने 2010 च्या सुमारास जुने बेस जमवायला सुरुवात केली आणि 2018 मध्ये अडीचशेहून अधिक वाद्यांची छायाचित्रं व माहिती देणारा जाडजूड ग्रंथ काढला. कुठल्या वर्षी कुठला रंग, कुठलं पिकअप, कारखान्यात काय बदललं, याची एवढ्या निगुतीने केलेली नोंद क्वचितच आढळेल. अशा कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते अभ्यासकाचं काम आहे. त्याला वेळ, नोंदी आणि वाद्य इतरांना दाखवण्याची वृत्ती लागते. पलंगाखाली पेट्या रचणाऱ्याला गेडी लीचा दाखला वापरता येत नाही.

‘ही गुंतवणूक आहे’ या युक्तिवादाला मात्र मी फारशी किंमत देत नाही. जुन्या बेसची किंमत मूळ रंग, मूळ स्क्रू, मूळ पिकअप यांवर ठरते. पुन्हा रंगवलेल्या नगाचा भाव बराच उतरतो. म्हणजे गुंतवणूक सांभाळायची तर वाजवणं टाळायचं. दि हूच्या जॉन एन्टविसलचा लाडका ‘फ्रँकेनस्टाइन’ तर पाच मोडक्या बेसचे भाग जोडून तयार झाला होता. 2002 मध्ये एन्टविसल गेला आणि पुढच्याच वर्षी सोदबीजने लंडनमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव केला. हयातभर जमवलेली वाद्यं पांगली.

‘पैसे माझे, कुणाचं काय जातं?’ असंही म्हणतात. पण जातं. बेसच्या फळीसाठी वर्षानुवर्षं शिसवी लाकूड वापरलं जातं, आणि त्यातलं भारतीय शिसव आपल्या सह्याद्रीतही वाढतं. शिसवाच्या प्रजातीतल्या साऱ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 मध्ये नियंत्रण आलं. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, झाडाची चिंता संपलेली नाही. शिवाय प्रत्येक बेस देखभाल मागतो. आपल्या पावसाळ्यात मान दमट हवेने वाकते. ती तपासायला जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडाला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धरायची, मधोमध सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. ती वाढली किंवा मिटली तर मानेतली सळई किल्लीने थोडी थोडी फिरवायची, मग पुलावर प्रत्येक तारेची उंची आणि लांबी पुन्हा जुळवायची. एका वाद्यात हे लक्ष घालणारा त्याची मान बोटांनी ओळखू लागतो. दहा वाद्यांत ते होत नाही. नऊ तशीच वाकडी पडून राहतात, आणि वाजवायला घेतल्यावर ती नीट लागत नाहीत म्हणून अकराव्याकडे मन ओढ घेतं.

गेडी लीचंच उदाहरण पुढे न्यावं. अमेरिकेतल्या कॅलमझूच्या गहाणवटीच्या दुकानातून 200 डॉलरला घेतलेला 1972 चा जॅझ बेस 1990 च्या दशकापासून त्याचं मुख्य वाद्य राहिला, संग्रह शेकड्यांत गेला तरीही. 2015 च्या आर-40 दौऱ्यात त्याने संग्रहातले अनेक बेस मंचावर आणले, गाण्यागणिक बदलले, आणि ते डोळ्यांना फार सुरेख दिसत होते. त्याची बोटं मात्र सगळ्यांवर तीच होती: तर्जनी वर-खाली झटपट फिरवणारी, तार पडद्यावर आपटून खणखणीत करणारी. त्या मैफलींची ध्वनिमुद्रणं नुसती कानाने ऐकली, तर वाद्य कुठल्या गाण्याला बदललं हे सांगताना सराईत बेसवादकाचीही पंचाईत होईल, असं मला वाटतं.