नळीतील सरमिसळ आणि औषधाची पारख

शाळेतला एक पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून दोन बोटे वर, पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या शाईने त्याच्याभोवती एक रेघ ओढा आणि बशीत थोडेसे पाणी घेऊन त्यात तो उभा करा. रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे, एवढे पथ्य पाळा. पाणी खडूतून वर चढते आणि काळ्या शाईतून निरनिराळ्या रंगांचे पट्टे सुटे होऊ लागतात. जो रंग खडूला जास्त धरून राहतो तो मागे पडतो. जो पाण्याची संगत धरतो तो पुढे जातो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी काचेच्या नळीत खडूच्याच जातीची भुकटी भरून हिरव्या पानांतील रंग असे वेगळे केले आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. मराठीत आपण तिला वर्णलेखन म्हणतो. आज बहुतेक वेळा वेगळे करावयाचे पदार्थ बिनरंगाचे असतात; नाव मात्र रंगाचेच राहिले.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांत औषधे तपासणाऱ्या ज्या प्रयोगशाळा आहेत, त्यांचे मोठे काम या पद्धतीवर चालते. ते किती मोलाचे आहे हे मुंबईने १९८६ साली पाहिले. त्या वर्षी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून डायइथिलीन ग्लायकॉल हे विष पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. हे दोन्ही द्रव दिसायला सारखे: पारदर्शक, दाटसर, चवीला गोड. डोळ्यांना फरक कळत नाही. वर्णलेखनाने कळतो.

आता यंत्राकडे वळू. पंप द्रव ढकलतो. वाटेत नमुन्याचा एक थेंब आत सोडतात. पुढे बारीक भुकटी ठासून भरलेला स्तंभ असतो. आणि शेवटी शोधक, म्हणजे काय बाहेर आले ते नोंदणारे उपकरण. प्रत्येक घटकासाठी आलेखावर एक टेकडी उठते. दोन टेकड्या निराळ्या उभ्या राहिल्या तर पारख झाली. एकीच्या पोटात दुसरी लपली, तर अहवालात ‘शुद्ध’ असे लिहिले जाईल आणि ते खोटे असेल.

वेगळे करण्याचे काम फक्त स्तंभात होते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नळ्या, सांधे, शोधकातली इवलीशी कुपी, ही सगळी जोडलेली असतात आणि ती वेगळे झालेले पुन्हा मिसळतात. कसे ते पाहायचे तर सकाळी घाटकोपर स्थानकाच्या पुलावर उभे राहा. लोकल थांबली की माणसे एका क्षणी उतरतात. पण पुलाच्या पलीकडच्या टोकाला ती एका क्षणी पोहोचत नाहीत. मधून चालणारा भरभर जातो, कठड्याला धरून चालणारा रेंगाळतो. एकदम निघालेला घोळका लांबलचक रांग होऊन बाहेर पडतो. नळीतही तसेच आहे. मधला द्रव सर्वांत वेगाने धावतो, आणि काचेला किंवा पोलादाला टेकलेला जवळजवळ जागचा हलत नाही. नदीचेही तेच बघा, धार मध्ये आणि संथ पाणी काठाला.

यात एक गंमत आहे. पुलावरची माणसे सारखी आडवी सरकत राहिली, कडेचा मध्ये आला आणि मधला कडेला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेग आणि थोडा खोळंबा येईल, आणि घोळका कमी पांगेल! म्हणजे आडवी सरमिसळ लांबीतली पांगापांग आवरते. जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३ साली हे गणिताने दाखवले. बारीक नळीत रेणूंना कडेकडून मध्ये यायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून नळी पुरेशी लांब असेल आणि प्रवाह तोच असेल, तर तिचा व्यास निम्मा केल्यावर टेकडीची रुंदी चौथाईवर येते. नळीला वेटोळे दिले तरी द्रव आडवा घुसळला जातो आणि फायदा होतो.

दुसरा प्रकार टाकीचा. हा वर्गात करून बघायला हरकत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यात लाल शाई कालवा. तो परातीत ठेवून, सतत ढवळत, त्यात स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडा. जादा पाणी ओसंडू द्या. पेलाभर पाणी ओतून झाल्यावर किती रंग उरला असेल? मुले म्हणतील, काहीच नाही. प्रत्यक्षात शंभरांतले ३७ भाग उरतात. दोन पेल्यांनंतर सुमारे १४, तिसऱ्यानंतर ५. हजारात एक भागाच्या खाली यायला तब्बल सात पेले लागतात. सांध्यातली किंचित पोकळी हा असाच एक पेला असतो. त्यामुळे मोठ्या टेकडीमागे लांब शेपूट लागते, आणि हजारात एक भाग एवढीच भेसळ त्या टेकडीमागून निघणार असेल, तर ती शेपटात बुडून जाते.

मग करायचे काय? यंत्राचे प्रतिरूप कागदावर मांडायचे: एक-दोन टाक्या आणि एक नळी. स्तंभ काढून दोन्ही टोके थेट जोडतात, पाण्यात थोडा अ‍ॅसिटोन घालून त्याचा थेंब सोडतात आणि तो किती पसरून बाहेर येतो ते नोंदतात. त्या आलेखाशी जुळेपर्यंत टाक्यांचे आकारमान आणि नळीतली पांगापांग बदलत जायचे. कोणता कण यंत्रात किती वेळ रेंगाळतो याचा असा हिशोब पीटर डँक्वर्ट्स यांनी १९५३ सालीच मांडला होता. त्यांच्याच हाताखाली केंब्रिजला पीएच.डी. झालेले प्रा. मनमोहन शर्मा १९६४ साली माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले. आज ती संस्था रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

एकदा यंत्राची रुंदी कळली की पुढचा हिशोब गणिताच्या शिक्षकांना आवडेल. रुंद्यांची बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. अगदी काटकोन त्रिकोणासारखी. स्तंभाची रुंदी ४० मायक्रोलिटर, यंत्राची ३०, तर आलेखावर दिसते ५०. (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग.) आता कोणी हौसेने १० मायक्रोलिटरचा नवा, महागडा स्तंभ त्याच यंत्रावर चढवला, तर एकूण येईल जवळजवळ ३२. पैसा गेला स्तंभावर, आणि दोष होता नळीत. माझ्या मते आधी नळी मोजावी आणि मग खरेदीला निघावे.

एक सवलत मात्र आहे. द्रवाचे मिश्रण हळूहळू बदलत नेण्याच्या पद्धतीत नमुना स्तंभाच्या तोंडाशी आधी घट्ट गोळा होतो, म्हणून तिथे आधीच्या नळीतली पांगापांग बरीचशी माफ होते. नंतरच्या नळीतली होत नाही.

कारखान्यात जिथे वर्णलेखनानेच औषध शुद्ध करतात, तिथे बुडबुडे अडकवणारी कुपी हीच एक मोठी टाकी असते. चालकाने द्रव एका क्षणात बदलला, तरी स्तंभापाशी तो बदल चढणीसारखा सावकाश पोहोचतो. शुद्ध भाग केव्हा गोळा करायला घ्यायचा आणि केव्हा थांबायचे, ही वेळ छोट्या यंत्रावरून जशीच्या तशी उचलली, तर एक तर माल वाया जातो, नाही तर अशुद्ध भाग शुद्धात शिरतो. टाकी-नळीचा हिशोब हाताशी असला, की मोठ्या यंत्रासाठी ती वेळ पहिला थेंब सोडण्याआधीच कागदावर काढता येते.