कान कुणाचा, भेद कुणाचा

‘चार माणसे आली’ आणि ‘गाईला गवत चार’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण ‘च’ दोन. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. ‘जरा थांबा’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ यांचेही तसेच. हा भेद आपल्या लिपीत नाही, तरी मराठी घरातले पोर त्यात सहसा चुकत नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला मात्र तो चटकन ऐकूही येत नाही.

आता उलट बाजू पाहू. फाळणीनंतर उल्हासनगरात येऊन वसलेल्या सिंधी बांधवांच्या भाषेत ‘ब’ दोन आहेत. एक आपल्यासारखा. दुसरा म्हणताना ओठ मिटलेले असतात, कंठ खाली ओढला जातो आणि ओठ उघडताच हवा किंचित आत शिरते. आपल्यासारख्या ‘ब’ने ‘बारु’ म्हटले तर ओझे. दुसऱ्या ‘ब’ने म्हटले तर मूल! ग, ज आणि ड यांच्याही अशाच जोड्या आहेत. सिंधी माणसाला हा फरक स्वच्छ ऐकू येतो. आपल्याला दोन्ही शब्द एकच वाटतात.

मग आपले कान अधू काय? मुळीच नव्हे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला. म्हणजे कान जन्मतः सर्वांना मोकळा मिळतो. घरची भाषा त्याला कामापुरते भेद ठेवायला शिकवते आणि बाकीचे सोडायला लावते.

ही गोष्ट पंडितांपुरती नाही. कामगारांच्या सभेत परप्रांतीय मजूर मराठीत बोलायला उभा राहतो. एखादा उच्चार घसरतो, हशा पिकतो, आणि तो खाली बसतो. त्याच्याबरोबर त्याची मागणीही खाली बसते. त्याची जीभ आळशी नसते, बुद्धीही कमी नसते. त्याचा कान दुसऱ्या घरी घडलेला असतो, इतकेच. हसणाऱ्याने एकदा सिंधी शेजाऱ्याकडे जावे, ओझे आणि मूल हे दोन शब्द त्याच्यासमोर म्हणून दाखवावेत, आणि मग हसावे.